सांगावा कुणाचा, पाय कुणाचे?
(बटणाच्या मोबाइलचा एक कौटुंबिक व सामाजिक इतिहास)

१

आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत दळणवळणाचे एक प्रकरण हमखास असते. शेरशहाच्या सडका, मराठ्यांचे जासूद, १८५३ ची रेल्वे, १८५४ चे टपाल खाते, १८७९ चे पोस्टकार्ड अशी सनावळी त्यात दिलेली असते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. ही सनावळी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. या सनावळीत एक माणूस मात्र कुठेच सापडत नाही. तो म्हणजे गावाचा सांगावा घेऊन कोस कोस पायी धावणारा महार आणि चौकात हलगी वाजवून दवंडी देणारा मांग. तार आली, रेल्वे आली, तरी मराठवाड्यातल्या खेड्यांचा निरोप शेकडो वर्षे याच दोघांनी वाहिला. ज्यांच्या पायांवर गावाचे दळणवळण चालले, त्यांचे पाय इतिहासकाराला दिसले नाहीत.

माझा आजा परतूर तालुक्यातल्या एका गावाचा येसकर होता. परतूर तालुका त्या काळी परभणी जिल्ह्यात मोडत होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा तो इकडे आला. निजामाच्या अमलात आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरही कितीतरी वर्षे आज्याच्या हातात घुंगराची काठी होती. चावडीवर माणसे बोलावून आणणे, सारा तालुक्याला पोचवताना सोबत जाणे, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे आणि गावात कुणी वारले की सोयऱ्यांच्या गावी सांगावा नेणे, ही त्याची कामे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) महारकीच्या कामांचा जो पाढा आला आहे, त्यातही मरणाचा सांगावा आहेच. म्हणजे ही गोष्ट एका घराची नाही.

आजा सांगायचा, “बाबा, सांगावा घिऊन गेलं की अंगनाच्या कडंला हुभं राहून हाळी द्यायची. सांगितलं की बायांचं रडनं सुरू व्हायचं. मंग आपल्याकडं कोन बघतंय? तहानेनं जीव जायाचा, पर पानी मागावं तर कुनाला मागावं?”

या तीन-चार वाक्यांत एका संपूर्ण समाजव्यवस्थेचे चित्र आहे. निरोप घरात जात असे, निरोप्या अंगणाबाहेर राहत असे. शब्दाला विटाळ नव्हता, पण तो शब्द वाहून आणणाऱ्या देहाला होता. शिवाय या कामाला वेळेचे बंधन नव्हते. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे. येसकर आजारी असेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही चोवीस तासांची बांधिलकी होती. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न होता.

मोबाइलसारख्या आजच्या वस्तूबद्दल लिहिताना येसकराच्या काठीपासून सुरुवात का करावी, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की वस्तूचा इतिहास कारखान्यातून सुरू होत नाही. ती वस्तू हातात येण्यापूर्वी त्या हाताने काय वाहिले होते, तिथून तो सुरू होतो. ज्याच्या वाड्यात तीन पिढ्या टेलिफोन होता, त्याला मोबाइल ही एक सोय वाटली. ज्याने तीन पिढ्या दुसऱ्याचा सांगावा पायांनी वाहिला, त्याच्या हातात मोबाइल येणे ही निव्वळ सोय नव्हती.

२

गावाचा सांगावा आम्ही वाहिला. मग आमचा सांगावा कोण वाहत होते? आमचा सांगावा कुणाच्याच कर्तव्यात नव्हता. तो आठवडी बाजारात जाई. शेजारच्या गावचा कुणी ओळखीचा भेटला की त्याच्या कानावर घालायचा, त्याने पुढच्या बाजारात दुसऱ्याच्या कानावर घालायचा. पुढे एस.टी. आली तेव्हा फाट्यावर थांबणाऱ्या गाडीत बसलेल्या एखाद्या जातभाईकडे तो सोपवला जाई. पोस्टकार्ड होते, पण लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही गावातलेच. पत्र मास्तराकडून वाचून घ्यायचे म्हणजे घरातली गोष्ट शाळेच्या ओट्यावर मांडायची. लेकीला सासरी जाच होतो आहे, हे सगळ्या गावाला कळल्यानंतर तिच्या मायला कळे. गुप्तता नावाची वस्तू अक्षर येणाऱ्यांच्याच मालकीची होती. १९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, त्याचा एक साधा अर्थ आपण विसरतो. मुका म्हणजे ज्याला बोलता येत नाही एवढेच नव्हे. ज्याचे बोलणे पोचत नाही तोही मुकाच.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. मुंबईत लाखो माणसे रस्त्यावर आली. आमच्या वस्तीत ती बातमी चार दिवसांनी पोचली, असे आजा सांगायचा. ज्याने गावातल्या प्रत्येक मेल्या माणसाची बातमी त्याच दिवशी सोयऱ्याच्या दारात नेऊन टाकली, त्याला त्याच्या बापाच्या मरणाची बातमी चार दिवसांनी मिळाली. “म्या तवा गावचा सांगावा घिऊन दुसऱ्या गावाला गेल्तो,” असेही तो म्हणायचा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंची हत्या झाली. त्या दिवसांत खेड्यात टेलिफोन असलाच तर तो कुणाच्या घरी होता, हे नीट तपासले पाहिजे. पोलीस पाटील, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, मोठा बागायतदार, ही त्याची घरे. म्हणजे ज्याच्या विरोधात तक्रार करायची त्याच्या ओसरीवरून, त्याच्याच परवानगीने पोलिसांना फोन करायचा. जळत्या वस्तीतून शहरातल्या कार्यकर्त्यापर्यंत बातमी जायला पायांशिवाय साधन नव्हते. तेव्हाही पळाले ते आमचेच पाय.

१९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला. त्याच हंगामात माझे मायबाप पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले होते आणि गावी माझी आजी वारली. गावातल्या एका दुकानाच्या फोनवरून कारखान्याच्या गावी निरोप ठेवला. तिथून तो चिटबॉयकडे, चिटबॉयकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून फडात गेला. बाप घरी पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. तो पुढे अनेक वर्षे एकच वाक्य बोलत असे. “आपल्या आज्यानं साऱ्या गावाची मढी येळंवर पोचवली, आपलीच माय आपल्याला घावली नाही.”

३

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्यातून बोलले आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांनी दिल्लीत तो घेतला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. शेतमजुराची दिवसाची मजुरी दोन-तीन मिनिटांत संपावी, असे ते यंत्र होते. आमच्यासाठी त्या काळात मोठी घटना मोबाइलची नव्हती, पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथची होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून असे बूथ तालुक्याच्या गावी दिसू लागले. तिथे पैसे मोजले की जात न विचारता फोन करता येई. पुढे दुकानांसमोर एक रुपयाच्या नाण्याचे लाल डबे लागले. मी शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला गेलो, तेव्हा खिशात रुपयाची नाणी जपून ठेवत असे.

खरा फरक पडला तो मे २००३ मध्ये. येणारा कॉल मोफत झाला. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये एका कंपनीने ५०१ रुपयांत मोबाइल देण्याची योजना काढली. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा साधा मोबाइल बाजारात आला. त्याला टॉर्च होती, धूळ आत जाऊ नये असा कीपॅड होता आणि एकदा चार्ज केला की तो कित्येक दिवस चाले. जगभर तो सुमारे २५ कोटी विकला गेला. ज्यांच्या घरी वीज दिवसातून काही तासच असे, ज्यांचे काम चिखलात नि पाचटात असे, त्यांच्यासाठी ही तीन वैशिष्ट्ये फार मोलाची होती.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ६३.२ टक्के कुटुंबांकडे कोणत्या ना कोणत्या प्रकारचा फोन होता आणि घराच्या आवारात संडास असलेली कुटुंबे होती ४६.९ टक्के. शहरी बुद्धिवाद्यांनी या आकड्यांवर विनोद केले. गरिबाला संडास नाही आणि मोबाइल हवा, असा त्यांचा सूर होता. त्यांना एक गोष्ट समजली नाही. संडास बांधायला स्वतःची जागा लागते, पाणी लागते. गावठाणाबाहेर दाटीने वसलेल्या वस्तीत या दोन्ही गोष्टी गावाच्या मर्जीवर असतात. मोबाइलला जागा लागत नाही. तो कमरेला खोचता येतो. भूमिहीनाने सर्वप्रथम घेतलेली आधुनिक वस्तू मोबाइल असावी, यात त्याची उधळपट्टी नसून त्याची भूमिहीनता दिसते.

४

आमच्या घरात पहिला मोबाइल २००६ च्या ऊसतोडीच्या हंगामात आला. तो मुकादमाने आणून दिला आणि १४०० रुपये उचलीत धरले. म्हणजे आमच्या घरातला पहिला फोन कर्जाच्या वहीतून आला. त्याकडे मी पुन्हा येईन. आधी तो घरात कसा वागवला गेला ते सांगितले पाहिजे, कारण वस्तूचा खरा इतिहास वापरात असतो.

फोन एक आणि माणसे सात. तो कुणा एकाचा नव्हता. मायने जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि पावसाळ्यात त्यावर दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक बांधले. कोपीवर वीज नसे. चार्जिंगसाठी फोन गावातल्या टपरीवर ठेवावा लागे आणि त्याचे पाच रुपये पडत. टपरीवर तसलेच दहा-वीस फोन असत, म्हणून मायने आमच्या फोनला निळा दोरा बांधला होता. गावाकडे रेंज फक्त मारुतीच्या पाराजवळ येई. पुढे वस्तीमागच्या टेकाडावरही येते असा शोध पोरांनी लावला आणि पाराजवळ जाऊन उभे राहण्याची गरज संपली. हा शोध आमच्या दृष्टीने लहान नव्हता.

रिचार्ज दहा रुपयांचे. त्यातून हाती येई सात-आठ रुपयांचे बोलणे. म्हणून मिस कॉलची एक भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन रिंगा म्हणजे पैसे मिळाले. लागोपाठ तीनदा मिस कॉल म्हणजे काम आहे, तू लाव. मरणाचा मात्र मिस कॉल द्यायचा नाही, उसने पैसे घेऊन का होईना पण बोलायचे, असा दंडक मायने घातला होता. ही भाषा कोणत्याही कंपनीने शिकवली नाही. देशभर कोट्यवधी गरीब माणसांनी आपापल्या घरात ती घडवली. ज्या भाषेत शब्द नाहीत म्हणून पैसे पडत नाहीत, ती भाषा पिढ्यान् पिढ्या बिनशब्द ठेवलेल्यांनी शोधावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

माय शाळेत गेलेली नव्हती. तिला आकडे फोनने शिकवले. कीपॅडवरचे इंग्रजी आकडे ती चित्रांसारखे ओळखायला शिकली. मामाचा नंबर शेवटी ‘दोन टोप्यांचा’, म्हणजे ७७. माझा नंबर ‘खुर्चीचा’, म्हणजे शेवटी ४. कोपीच्या कुडाला खोचलेल्या पुठ्ठ्यावर नंबर लिहिलेले असत आणि प्रत्येकापुढे खूण. मावशीपुढे बैल, कारण तिच्याकडे बैल होता. दोन वर्षांत ती पूर्ण दहा आकडे पुठ्ठ्यावरून पाहून लावू लागली. त्यानंतर मुकादमाच्या चिठ्ठीवरचा टनाचा आकडा तिला वाचता येऊ लागला. एकदा तिने तो बोट ठेवून विचारला, “हितं सात हाय, आन् तुमी चार सांगता?” मुकादम हसला, पण त्याने आकडा दुरुस्त केला. साक्षरतेच्या मोहिमांचा मी आदर करतो. तथापि माझ्या मायला अक्षरशत्रू ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या हिशेबातली चोरी तिला एका डबड्या फोनने दाखवली, हेही नोंदवले पाहिजे.

५

आता मुकादमाकडे येऊ. त्याने फोन का दिला? दया म्हणून नव्हे. ऊस भरायची गाडी कधी येईल याला वेळ नसतो. रात्री दोनला आली तर दोनला उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पूर्वी मुकादमाला कोपीपर्यंत यावे लागे किंवा माणूस पाठवावा लागे. फोन आल्यावर त्याला अंथरुणातून हाक देता येऊ लागली. फोन वाजला की बाप दचकून उठे. हंगाम संपल्यावर गावी आला तरी रात्री कुठे घंटी वाजली की तो उठून बसे.

माझ्या आज्याला चावडीची हाक रात्री येई. माझ्या बापाला मुकादमाची घंटी रात्री येई. आज्याच्या कामाला वेळ नव्हती, बापाच्याही कामाला नव्हती. आज्याच्या वतनाला बलुत्याचे नाव होते, बापाच्या कामाला उचलीचे. वतन कायद्याने गेले. पण ज्याच्या श्रमावर कुणाचाही कोणत्याही वेळी हक्क चालतो असा माणूस व्यवस्थेला हवाच होता आणि तिने तो नव्या नावाने उभा केला. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे कोयते घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यात दलित आहेत, भटके आहेत, वंजारी आहेत, कोरडवाहू मराठेही आहेत. फोनने त्यांना घराशी जोडले आणि त्याच तारेने मुकादमाशीही बांधले. यंत्र स्वतः मुक्त करत नाही आणि गुलामही करत नाही. ते हाती येते तेव्हा श्रमाचे संबंध कसे आहेत, यावर ते ठरते. यंत्राने जात जाईल असे मानणाऱ्या आपल्यातल्या भोळ्या मित्रांना हे सांगितलेच पाहिजे.

६

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. माझ्या बापाने फोनवर कधी ‘हॅलो’ म्हटले नाही. तो ‘जयभीम’च म्हणतो. या अभिवादनाचे श्रेय सामान्यतः कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. मराठवाड्यात मकरणपूरच्या १९३८ च्या परिषदेशीही त्याचे नाते सांगतात. ते सभेत, वस्तीत, विहारात मोकळेपणी म्हटले जाई. गावाच्या पारावर ते गिळले जाई. मोबाइलने ते एस.टी.त, बाजारात, तहसीलच्या रांगेत मोठ्याने आणले. फोन वाजतो, माणूस ‘जयभीम’ म्हणतो आणि शेजारच्या सीटवरची मान वळते. ही वळलेली मान ज्याने अनुभवली नाही, त्याला या एका शब्दाचे वजन कळणार नाही.

आवाजाला जात चिकटत नाही, असे काही दिवस वाटले. मला जालन्यात खोली हवी होती तेव्हा फोनवर घरमालक फार अदबीने बोलले. भाडे ठरले, पाण्याची वेळ ठरली. मग त्यांनी आडनाव विचारले आणि खोली आदल्या दिवशीच गेली असल्याचे त्यांना आठवले. आज्याला अंगणाच्या कडेला थांबवत. मला ओसरीपर्यंतही जावे लागले नाही, हीच काय ती प्रगती.

मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुण दलित विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, ती वाजली आणि तिथून भांडण सुरू झाले. आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रातून कोणता आवाज निघावा, हेही दुसऱ्याने ठरवायचे! येसकराची घुंगराची काठी वाजत असे ती सवर्णाला सावध करण्यासाठी. तो आवाज गावाला चालत होता, हवाच होता. आमच्या हातातल्या वस्तूने आमच्या अभिमानाचा आवाज काढला, तेव्हा मात्र तो जिवावर बेतला. काठी आणि रिंगटोन यांच्यामधला हा फरक म्हणजेच आंबेडकरी चळवळीचा इतिहास आहे.

आणि आवाज निघाला तरी तो ऐकणारा लागतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तोवर मोबाइल खेड्यापाड्यांत पोचू लागले होते. तरीही महाराष्ट्र हलला तो नोव्हेंबरमध्ये. उशीर तारेचा किंवा टॉवरचा नव्हता. उशीर पोलीस ठाण्याचा आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांचा होता.

७

घराबाहेरच्या विषमतेबद्दल आपण पोटतिडकीने लिहितो. घरातल्या विषमतेबद्दल लिहिताना आपली लेखणी जड होते. वस्तीतला सामायिक फोन सामायिक म्हणवला जाई, पण रात्री तो पुरुषाच्या उशाशी असे. सुनेला माहेरचा फोन आला की स्पीकर लावायचा, असा अलिखित नियम मी कितीतरी घरांत पाहिला. पत्राच्या काळात लेकीचे दुःख मास्तर वाचे, फोनच्या काळात ते सासू ऐके. पोरीच्या हातात मोबाइल दिला की ती बिघडते, असे बोलणारे आमच्या विहारातही भेटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल असल्याचे आढळले. उरलेल्या स्त्रियांमध्ये आपल्या बहिणीही आहेत. गावाने आपल्याला मुके ठेवले म्हणून आपण गावाशी भांडतो. मग आपल्या घरात कुणी मुके आहे का, हे आपल्यालाच तपासावे लागेल.

८

गेल्या दहा वर्षांत चित्र पालटले आहे. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मोठ्या पडद्याचा फोन हाच फोन, असे सरकार, बँका आणि कंपन्या धरून चालू लागल्या. बटणाचा फोन हाती असलेला माणूस पुन्हा अंगणाच्या कडेला गेला.

२०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज सुरू केले. ३५ रुपये भरले नाहीत तर येणारा फोनही बंद. आयुष्यभर इनकमिंग मोफत, असे सांगून विकलेली कार्डे मुकी झाली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका मोठ्या कंपनीचे अठ्ठावीस दिवसांचे सर्वांत लहान पॅकेज १९९ रुपयांवर गेले. त्यात इंटरनेट होते. ज्या फोनमध्ये इंटरनेट चालत नाही त्याच्या मालकाने इंटरनेटचे पैसे भरायचे! डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ बोलण्याची आणि संदेशांची वेगळी पॅकेज देणे बंधनकारक केले. जानेवारी २०२५ मध्ये ती आली, पण प्रामुख्याने ८४ दिवसांची आणि वर्षभराची. रोजंदारीवाल्याकडे चारशे-पाचशे रुपये एकरकमी नसतात, हे नियम करणाऱ्याच्या आणि पॅकेज आखणाऱ्याच्या कल्पनेतच नव्हते.

शासनाचा कारभारही फोनमध्ये गेला. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरून घेणे सक्तीचे झाले. मातीत राबलेला दिवस रेंज नसली तर राबलेला ठरेना. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि गावोगाव बाया ओटीपीच्या मागे धावू लागल्या. माझ्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर. अर्ज जालन्यातल्या सायबर कॅफेत भरला जातो आणि आधारचा ओटीपी जातो बापाच्या बटणाच्या फोनवर, जो साताऱ्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या फडात असतो. बाप कोयता खाली ठेवून पिशवीतून फोन काढतो, बांधावर उभा राहून एकेक आकडा वाचतो आणि तोवर मुदत संपते. पुन्हा ओटीपी. भारत सरकारची शिष्यवृत्ती हा बाबासाहेबांच्या आग्रहातून मिळालेला हक्क आहे. त्या हक्कापर्यंतची वाट आता सहा आकड्यांच्या फाटकातून जाते.

२०२० च्या टाळेबंदीत हे नागडे दिसले. शाळा फोनमध्ये गेल्या आणि वस्तीतली पोरे शाळेबाहेर राहिली. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले गरीब, बहुतांशी आदिवासी. गावी जाण्याच्या पाससाठी आपण आधीच अर्ज केले होते, उत्तर आले नाही, असे बचावलेल्यांनी सांगितल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले. फोन त्यांच्याजवळही होते. घरच्यांशी बोलता येत होते, पण शासनाशी बोलता येत नव्हते. शेवटी उरले ते पायच.

९

या सगळ्यातून काय निष्कर्ष काढायचा? बटणाचा मोबाइल ही गरिबांची क्रांती होती, असे मी म्हणणार नाही. ती भांडवलदारांची फसवणूक होती, असेही म्हणणार नाही. आमच्या समाजाच्या इतिहासात त्याचे स्थान नेमके आहे. दुसऱ्याचा सांगावा वाहण्याचे काम जन्माने ज्यांच्यावर लादले गेले, त्यांना स्वतःचा सांगावा स्वतःच्या तोंडाने, मधल्या कुणाच्या ओसरीवर न जाता, थेट आपल्या माणसाच्या कानात घालण्याचे पहिले साधन त्याने दिले. हे साधन उचलीतून आले, मुकादमाच्या घंटीसकट आले आणि घरातल्या पुरुषाच्या उशाशी गेले, तरीही त्याचे हे मोल कमी होत नाही.

म्हणूनच आजची मागणी स्पष्ट असली पाहिजे. ज्या योजनेचा, शिष्यवृत्तीचा, हजेरीचा लाभ मोठ्या फोनशिवाय मिळत नाही, ती योजना बहिष्काराचे नवे हत्यार आहे, असे आपण उघड म्हटले पाहिजे. कागदावर अर्ज देण्याचा, माणसासमोर उभे राहून उत्तर मिळवण्याचा हक्क रद्द होता कामा नये. केवळ बोलण्याचे महिन्याचे स्वस्त पॅकेज मिळणे ही चैन नाही, ती नागरिकत्वाची बाब आहे.

दुसरे काम आपल्या अभ्यासकांचे. महारवाड्यातले, मांगवाड्यातले येसकरीचे दिवस पाहिलेले शेवटचे म्हातारे आता नव्वदीत आहेत. कोणता सांगावा किती कोस नेला, कुठे पाणी मिळाले आणि कुठे नाही, हे त्यांच्यासोबत जाईल. माझ्या विद्यार्थ्यांना मी यंदा एवढेच काम दिले आहे. वस्तीत जायचे, म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचे आणि साध्या फोनवर का होईना, त्याचा आवाज भरून आणायचा. आवाज भरणारी बटणे त्या डबड्या फोनमध्येही असतात. आतापर्यंत अकरा जणांचे आवाज आले आहेत. त्यांतले सात जण बोलायला सुरुवात करताना प्रथम आपल्या गावाचे नाव आणि मग गावापासून शेजारच्या प्रत्येक गावाचे अंतर सांगतात. कोसांत.